मदत हवी आहे : क्रोममध्ये स्वतःची स्टाइलशीट पुरेशी चालत नाही, रफार आणि उकार कापले जातात

नमस्कार. वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दोन संगणक आहेत आणि हंगामात कापूस, सोयाबीन, तुरीचे भाव पाहण्यासाठी शेतकरी सकाळीच येऊन बसतात. बाजारभावाच्या ज्या संकेतस्थळावर ते जातात, तिथे तक्त्यातील ओळींची उंची इतकी कमी ठेवली आहे की अक्षरे वरून आणि खालून कापली जातात. ‘आर्वी’चे ‘आवी’ दिसते, ‘तूर’चे ‘तर’. “भाऊ, तुरीचा भाव कोठी हाये इथं?” असे एका आजोबांनी विचारले, तेव्हा तुरीची ओळ त्यांच्या डोळ्यांसमोरच होती. त्या दिवसापासून मी याच्या मागे लागलो आहे.

फायरफॉक्सपुरता प्रश्न सुटला. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये ‘क्रोम’ नावाचे फोल्डर (या नावाचा गूगल क्रोमशी संबंध नाही) करून त्यात ‘यूझरकंटेंट.सीएसएस’ ही माझ्या स्टाइलशीटची (पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस नियमांची) फाइल ठेवली. २०१९ च्या ६९ व्या आवृत्तीपासून ही फाइल आपोआप वाचली जात नाही, म्हणून ‘अबाउट:कॉन्फिग’ या फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन ती सोयही चालू केली. नियम असे : लाइन-हाइट (ओळीची उंची) १.८, हाइट (चौकटीची उंची) ऑटो, आणि दोन्हींपुढे ‘इम्पॉर्टंट’ (या नियमाला इतरांपेक्षा वरचढ ठरवणारा शब्द). ब्राउझर बंद करून पुन्हा उघडताच रफार जागेवर आला.

दुसऱ्या संगणकावर क्रोम आहे. क्रोमने वापरकर्त्याच्या स्टाइलशीटची सोय २०१४ मध्येच काढून टाकल्यामुळे मी स्टायलस हे एक्सटेन्शन (पानांना आपले नियम लावणारी ब्राउझरची जोडणी) घेतले आणि तेच नियम त्यात घातले, तरी फरक पडला नाही. संकेतस्थळाने प्रत्येक चौकटीवर लाइन-हाइट १४ पिक्सेल आणि हाइट १८ पिक्सेल थेट एचटीएमएलमध्येच (पानाच्या मूळ संहितेत) ‘इम्पॉर्टंट’ लावून दिली आहे, आणि ओव्हरफ्लो हिडन आहे, म्हणजे चौकटीबाहेर जाणारा मजकूर लपवला जातो. सीएसएस २ पासून, म्हणजे १९९८ पासून, वापरकर्त्याचा ‘इम्पॉर्टंट’ लेखकाच्या (म्हणजे संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या) ‘इम्पॉर्टंट’वर मात करतो, मग इथे तो का हरतो? मिन-हाइट (कमीत कमी उंची) ३२ पिक्सेल दिल्यावर खालचे उकार दिसू लागले, मात्र रफार अजूनही कापलेलाच आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद :

नमस्कार. स्टायलस आपले नियम पानातच घालते, त्यामुळे क्रोम ते वापरकर्त्याचे न मानता लेखकाचेच मानतो, आणि लेखकाच्या नियमांत एचटीएमएलमधला ‘इम्पॉर्टंट’ सर्वांत वरचढ ठरतो. म्हणून त्याच गुणधर्मांशी झगडू नका. मिन-हाइटच्या वेळी केले तसे, संकेतस्थळाने न वापरलेला गुणधर्म धरा. ओव्हरफ्लो मजकूर कापतो तो पॅडिंगच्या (मजकुराभोवती चौकटीच्या आत सोडलेल्या जागेच्या) बाहेरच्या कडेवर. तेव्हा पॅडिंग-टॉप (वरच्या बाजूचे पॅडिंग) ८ पिक्सेल देऊन पाहा. रफाराला तेवढी जागा बहुधा पुरेल.

धागाकर्ता :

आभारी आहे. ८ पिक्सेलमध्ये वेलांटीचे टोक किंचित कापले जात होते, १० केल्यावर ‘आर्वी’ पूर्ण दिसते.