पन्नाशी-साठीतल्यांना मोडी शिकवायची आहे, वर्ग कसा आखावा?

वाचनालय_कट्टा: आमच्या वाचनालयात ५० ते ६५ वयाच्या मंडळींसाठी मोडीचा वर्ग सुरू करतोय. दहा दिवस, रोज दोन तास असा तरुणांसाठी आखलेला अभ्यासक्रम हाताशी आहे. तो तसाच चालेल का? साठी ओलांडलेल्यांचा गट वेगळा करावा का?

मेधा_मिरज: तसाच नको. या वयात मंदावतो तो अनोळखी आकार टिपून लगेच वापरण्याचा वेग, आणि ही उतरण तिशीच्या आसपासच सुरू झालेली असते. शब्दसंग्रह मात्र साठीपर्यंत टिकतो, बहुतेकदा वाढतोच. मोडीत हे मोठं भांडवल आहे! जुन्या पत्रात शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. वाक्य संदर्भानेच लावावं लागतं. 'मौजे', 'सनद', 'कसबा' कानावरून गेलेला माणूस तिथे भराभर पुढे जातो.

म्हणून तेच वीस तास दहा आठवड्यांवर पसरवा. एका बैठकीत पाच-सहाच अक्षरं घ्या. सारख्या वळणाची दोन अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका, कारण एकाची आठवण दुसरीत घुसते आणि वाढत्या वयात ती बाजूला सारणं जड जातं. उजळणी दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी, तीही तक्ता झाकून लिहायची. नुसतं गिरवल्याने हाताला वळण लागतं, पण समोर कागद आला की अक्षर आठवत नाही. घड्याळ लावून चाचणी तर नकोच.

दिवा_लावा: उजेड बघा. साठीत डोळ्याच्या पडद्यावर पोहोचणारा प्रकाश विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांश उरतो. प्रत्येक टेबलावर दिवा हवा, उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून. पत्रांच्या प्रती दीडपट मोठ्या काढा, चकचकीत कागद टाळा. पुष्कळदा 'लक्षात राहत नाही' ही तक्रार मुळात 'नीट दिसलंच नाही' अशी असते.

सायली_प: वयावरून गट पाडू नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिॲटलला सुरू केलेल्या, प्रौढांच्या बौद्धिक क्षमतांच्या अभ्यासात दर सात वर्षांनी त्याच माणसांच्या चाचण्या घेतल्या. बहुतेक क्षमतांमधली सरासरी घसरण साठीनंतरच ठळक दिसली, आणि माणसामाणसांत फरक भरपूर. आजचे तिशीचे आणि साठीचे शेजारी बसवून तुलना केली की पिढ्यांच्या शिक्षणातला फरकही वयाच्या खात्यात जमा होतो.

त्यापेक्षा पहिल्या दिवशी एका जुन्या पत्राचं देवनागरी लिप्यंतर द्या, शब्द न तोडलेलं. ज्यांना ते वाचून अर्थ लावता येतो त्यांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच खरी पत्रं द्या. बाकीच्यांना आधी जुन्या शब्दांची यादी.