आतड्याला 'व्रण' की 'वण'?

माझ्या मामेभावाला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज येण्याचा जुनाट आजार. मागच्या आठवड्यात त्याच्यासोबत नागपुरात धंतोलीत डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, लहान आतड्याच्या शेवटी व्रण आहे म्हणून वाट अरुंद झाली. मामीनं त्याचा अर्थ जखम असा घेतला आणि घरी येईपर्यंत सगळ्यांना फोनवर सांगत सुटली की गोळ्यांनी भरून येईल. डॉक्टरांना म्हणायचं होतं वण, म्हणजे जखम भरल्यावर मागं राहते ती खूण. वण हा व्रणाचाच घासलेला शब्द, पण मराठीत दोघांचे अर्थ वेगळे झाले, तरी 'देवीचे व्रण' असं सर्रास लिहितात आणि तिथंच घोळ होतो.

इथं हा फरक फार मोठा आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारात दाह बहुतेक आतल्या अस्तरापुरता राहतो, क्रोन्समधे तो आतड्याच्या सगळ्या थरांत जातो, मग पुन्हा पुन्हा सूज आणि पुन्हा पुन्हा डागडुजी, आणि टीजीएफ-बीटासारखे निरोप देणारे रेणू फायब्रोब्लास्ट, म्हणजे जखम सांधणाऱ्या, पेशींना सारखे डिवचत राहतात, त्या पेशींच्या मायोफायब्रोब्लास्ट होतात, कोलॅजेनचा, म्हणजे चिवट धाग्यांसारख्या प्रथिनाचा, ढीग लावतात, वरून स्नायूसारख्या आखडून भिंत ओढूनही धरतात. जास्तीचं कोलॅजेन कापणारी एन्झाइम्स असतात, पण त्यांना रोखणारी प्रथिनं वरचढ ठरतात. आणि मला सगळ्यात वाईट वाटलं ते हे, की भिंत एकदा कडक झाली की तो कडकपणाच पेशींना आणखी कोलॅजेन बनवायला लावतो, सूज उतरली तरी. इन्फ्लिक्सिमॅब हे औषध 1998 पासून क्रोन्सला वापरतात, ते टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन अडवतं, सूज उतरवतं, व्रण भरतो. पण जुना वण त्यानं विरघळत नाही.

आता असा वण साचत जाऊन भिंत कडक होते त्या फायब्रोसिसला पुस्तकात 'तंतुमयता' आहे. मामीला तंतुमयता सांगून काय कळणार? कोणता शब्द वापरता तुम्ही?

प्रतिसाद : निबर म्हणा ना. आमची आई कॉटन मार्केटमधे भेंडी घेतांना शेंडा मोडून पाहते, कट्कन तुटला तर कवळी, नुसता वाकला तर निबर, आणि निबर भेंडी चिरली की धागेच धागे. तुमची तंतुमयता तीच झाली. आणि स्ट्रिक्चरला, म्हणजे वाट अरुंद होते त्याला, 'आतडं चोंदलं' चालेल का?

मूळ लेखक : निबर एकदम पटला, मी तोच धरतो. फक्त भेंडी वयानं निबर होते, इथं डागडुजी थांबत नाही म्हणून होतं, त्यामुळं 'वण पडून आतडं निबर झालं' असं पूर्ण म्हणावं लागेल. चोंदलं मात्र नको. नाक चोंदतं, मोरीचा पाइप चोंदतो, म्हणजे आत काहीतरी अडकलेलं असतं आणि ते काढलं की मोकळं. इथं भिंतच जाड होऊन आत आली आहे, म्हणून तर बलूननं ताणतात किंवा ऑपरेशन करतात. 'आखडलं' बरोबर बसतो.

काल मामीला असंच सांगितलं. व्रण नाही मामी, वण आहे, तुझ्या दंडावर देवीच्या लशीचा आहे तसा. तिनं बाही वर करून दंडावरून बोट फिरवलं, म्हणाली हा तर लहानपणापासून आहे, गेलाच नाही. मग थोड्या वेळानं विचारलं, बलूनसाठी कधी बोलावलं आहे त्याला.