‘वऱ्हाड’मधला ऱ ज्यानं शोधला, त्याचं नाव कमिटमधी पाह्यजे का नको?

पऱ्हाटीवाला:
राजेहो, मनात खुपून राह्यलं म्हणून मांडतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही टाइप करून ठेवल्या, अर्ध्या मी कम्प्युटरवर अन् अर्ध्या माह्या चुलत बहिणीनं मोबाइलवर. त्याच्यासाठी एक ओपन सोर्स सर्च लायब्ररी (सगळ्याले खुला असलेला, शब्द शोधून देणारा तयार कोड) लावली. ‘पऱ्हाटी’ शोधलं का माह्या ओव्या येत, तिच्या येतच नाईत. डोळ्याले शब्द सारखेच. तीन आठवडे मागं होतो, रातची लाइन गेली का थांबा, आली का परत बसा. शेवटी एकेक अक्षराचा कोड सुटा करून पाह्यला तेव्हा दिसलं, माह्या कीबोर्डनं ऱ (युनिकोड म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत यू+०९३१) अन् हलंत (पाय मोडायची खूण) टाकलं होतं, तिच्या मोबाइलनं साधा र, हलंत अन् त्याच्यामागं न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह झेडडब्ल्यूजे. र खाली नुक्ता (टिंब) हा तिसरा प्रकार. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराचे येगळे कोड एक करायची रीत) ऱ अन् नुक्तावाला एक करते, झेडडब्ल्यूजेवाला वेगळाच राहते. हे सगळं ४० शब्दांच्या तक्त्यासकट इश्यूमधी (लायब्ररीतली चूक कळवायच्या नोंदीत) लिहून देल्लं. चार दिवसांनी मेंटेनरनं (लायब्ररी सांभाळणाऱ्यानं) नऊ ओळींचा कोड टाकला. कमिटवर (कोडातल्या बदलाच्या नोंदीवर) त्याचं नाव, रिलीज नोट्समधी त्याचं नाव. माहं तर सोडाच, इश्यूचा नंबरबी नाई. हे बरोबर हाय का?

धुऱ्यावरची बाभूळ:
भाऊ, मेहनत मान्य, पण मी एक छोटं प्लगिन सांभाळतो म्हणून त्या बाजूनं बोलतो. इश्यू लिहिणारा लिहून मोकळा होतो, तो कोड पुढची पाच वर्षं मोडला तर शिव्या मेंटेनरलाच. तोही फुकटात, नोकरी करून. तुझं नाव इश्यूवर तारखेसकट आहेच ना? कॉपीराइट लिहिलेल्या कोडचा असतो, कल्पनेचा नसतो. एमआयटीसारखं खुल्या कोडचं लायसन्सही कोडवरची नोटीस ठेवा एवढंच म्हणतं.

धानपट्टा:
लायसन्स काय म्हणते अन् माणुसकी काय म्हणते, दोन येगळ्या गोष्टी हायेत बाप्पा. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातले नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. १९८३ मधी बांधीत येगळ्या लोंब्या दिसल्या, त्या निवडून वर्षानुवर्षं लावल्या, तवा एचएमटी तांदूळ झाला. पुढं कृषी विद्यापीठानं पीकेव्ही-एचएमटी आणला, अन् मूळ माणसाले आपलं नाव सांगत फिरा लागलं. २०१८ मधी गेले. तो तांदूळ घरोघरी शिजते, नाव किती जणाले ठाऊक हाय? लोंबी ओळखणं हेच काम होतं ना!

धुऱ्यावरची बाभूळ:
दादाजींबद्दल पूर्ण आदर आहे, पण तिथं बियाण्याची विक्री होती, पैसा होता. इथं मेंटेनरही कमवत नाही. आणि बियाणं शुद्ध करणं, टिकवणं हेही कामच आहे, ते करणाऱ्याला चोर ठरवू नका.

पऱ्हाटीवाला:
चोर कोनीच म्हटलं नाई. त्याचं नाव काढा असं मी म्हणतच नाई, माहं जोडा म्हणतो. कोडातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधीच ऑथर अन् कमिटर येगळे ठेवलेत, म्हणजे लिहिणारा अन् आत घेणारा दोन माणसं असू शकतात हे त्याले आधीच समजते. लिनक्स कर्नलमधी (लिनक्स सिस्टिमच्या गाभ्यात) तर रिपोर्टेड-बाय (कोनं कळवलं), सजेस्टेड-बाय (कोनं सुचवलं), टेस्टेड-बाय (कोनं तपासलं) अशा ओळी रोज लिहितात. एक ओळ लागते, दहा सेकंद.

संत्र्याची बाग:
मला बाभूळचं अर्धं पटतं. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्स या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला बॅकडोअर (लपवलेला चोरदरवाजा) आंद्रेस फ्रॉइंडनं पकडला, एसएसएच लॉगिनला (दूरच्या कम्प्युटरवर शिरायला) साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय एवढ्या संशयावरून. त्याला ओळखतात ते त्यानं जाहीर मेलमध्ये सगळं लिहिलं म्हणून, कोडमुळे नाही. म्हणजे नीट लिहिलेला शोध स्वतःच श्रेय मिळवतो की.

तालुक्याची पोरगी:
दादा, तो आधीच पोस्टग्रेस या डेटाबेसचा नावाजलेला डेव्हलपर होता, बातमीपण जगभर गेली. आमच्या ऱ ची बातमी कोण छापणार? मी तालुक्याच्या कॉलेजात आहे, कॅम्पसला कंपन्या येत नाहीत, मुलाखतीत दाखवायला माझ्याकडं गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचं प्रोफाइलच आहे. तिथं कमिट बघतात, इश्यू कोणी उघडून वाचत नाही. एक को-ऑथर्ड-बायची (सहलेखकाच्या नावाची) ओळ माझ्यासाठी फार मोठी आहे हो. आणि पऱ्हाटीवाले दादा, एक विचारते, राग नका धरू. मोबाइलवरच्या ओव्या बहिणीनं टाइप केल्या म्हणून फरक सापडला, मग तिचं नाव तुम्ही इश्यूत टाकलं होतं का?

पऱ्हाटीवाला:
नाई टाकलं. ‘एका मोबाइलवर’ एवढंच लिहिलं. तू विचारलं तवा ध्यानात आलं. तक्त्यातले अर्धे शब्द तर तिनंच काढून देल्ले होते.

धुऱ्यावरची बाभूळ:
बघ, मुद्दाम कोणीच करत नाही, राहून जातं. मेंटेनरचंही तसंच झालं असेल, आधी विचारून तर बघ. माझं मत तेच आहे, प्रत्येक इश्यूला श्रेय देत बसलो तर कामच होणार नाही. पण तक्त्यासकट शोध दिला असेल तर इश्यूचा नंबर मीही लिहीन.

पऱ्हाटीवाला:
मले ते पुरत नाई, नंबर म्हणजे नाव नव्हे. पण झालेला कमिट बदला असं मी म्हणणार नाई, मेसेज बदलला का हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) बदलते अन् त्याच्यापुढच्या सगळ्या कमिटचाबी. आज रातच्याले लाइन राह्यली तर त्या ४० शब्दांची टेस्ट फाइल करून पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्या अशी विनंती) टाकतो, अन् योगदानाच्या नियमात रिपोर्टेड-बायची ओळ घ्या असं सुचवतो. इश्यूतबी बहिणीचं नाव लिहितो. टेस्ट फाइलच्या कमिटवर को-ऑथर्ड-बाय तिचंच राहीन, आत्ताच तिले फोन करून ईमेल कोणता टाकू ते विचारलं.