पाच पोरांमागे दोन मास्तर: सिंधुदुर्गातल्या शाळा बंदच करायच्या का?

सड्यावरचो:
काल एकाने लिहिलं, "सिंधुदुर्गात पाच पोरांमागे दोन मास्तर पोसतोय आपण, शाळा एकत्र करा, बस द्या, विषय संपला." संपला म्हणे! जुलैत येऊन बघा. आमच्याकडे गाव म्हणजे लांब लांब वाड्या, मध्ये व्हाळ म्हणजे ओढा, साकवावरून, लहान पुलावरून, पाणी जातं, सहा वर्षांचं पोर तीन किलोमीटर पाठवणार कोण? आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत म्हटलंय ते गंमत म्हणून काय? आणि पट, म्हणजे पोरांची संख्या, शाळेमुळे नाही घसरला, माणसंच कमी झाली. 2001 ला जिल्हा 8 लाख 68 हजार, 2011 ला 8 लाख 49 हजार. नवराबायको मुंबईला, पोर तिकडेच जन्मतं, तिकडेच शिकतं, म्हातारी घर राखते.

तिसरी घंटा:
आणि जी उरली त्यांची पोरं कुठे जातात ते पण लिहा ना. सकाळी इंग्लिश मिडियमच्या व्हॅन वाडीपर्यंत येतात, तेव्हा व्हाळ आडवा येत नाही वाटतं. माझा मुलगा पहिलीत एकटा होता. कबड्डी कोणाशी खेळणार, बाईंशी? काढला. शाळा वाचवा म्हणणाऱ्यांची पोरं जि.प.त आहेत का, हात वर करा.

सड्यावरचो:
मुलगी चौथीत. केला वर.

डीएडवाली:
अहो मूळ दुखणं भरतीचं आहे. पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटवरून, बाहेरच्या जिल्ह्यातले लागले, लागले की डोळे आंतरजिल्हा बदलीकडे असायचे, ते गेले की वर्ग रिकामा आणि आम्ही स्थानिक डीएड मानधनावर. शिक्षक नाही म्हणून पालक पोर काढतो, पट पडतो, मग संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पद उडतं. 15 मार्च 2024 च्या जीआरने तर सहावी-सातवीचा पट 20 च्या खाली गेला की शिक्षकच नाही असं ठरवलं. गणित काय भिंती शिकवणार?

घाटावरचा मास्तर:
बाहेरचे बाहेरचे काय लावलंय ताई. मी बीडचा, मेरिटने लागलो, शिक्षण सेवक म्हणून सहा हजारावर तुमच्या जिल्ह्यात राहिलो. आई आजारी, बदली मागितली, गुन्हा केला?

डीएडवाली:
पहिलीतलं पोर मालवणीत "माका घराक जावचा हा" म्हणून रडायचं आणि आमच्या शाळेतले एक गुरुजी माझ्याकडे बघायचे, काय म्हणतोय हा. मेरिट म्हणे.

घाटावरचा मास्तर:
महिन्यात कळायला लागतं ते. तुमच्या स्थानिकांना तरी वरच्या वाडीतली शाळा कुठे हवी असते, सगळ्यांना कुडाळ-कणकवलीच्या स्टँडजवळच पाहिजे.

डीएडवाली:
आधी ऑर्डर तर द्या, मग बघा कुठे जातो ते!

कालचा पोस्टवाला:
भांडण झालं असेल तर बोलू? 20 च्या आत पट असलेल्या 14,783 शाळा होत्या राज्यात, 2023 मधला सरकारचाच आकडा. एवढ्यांना मास्तर कुठून आणणार? तेव्हाच सरकारने समूह शाळांसाठी, म्हणजे लहान शाळा एकत्र करून केलेल्या मोठ्या शाळेसाठी, पानशेत, तोरणमाळचं उदाहरण दिलं होतं. आणि कोकण बोर्ड दहावीला दरवर्षी पहिलं येतं, ती पोरं लांबूनच जातात ना हायस्कूलला?

सड्यावरचो:
दहावीचं पोर आणि पहिलीचं पोर एकाच मापाने मोजा तुम्ही. आधी बस आणा, वर्षभर चालवून दाखवा, मग शाळेला कुलूप लावा. गणपतीत गाड्या चाकरमान्यांकडे वळतात नि इथल्या फेऱ्या रद्द होतात, तेव्हा पोरांनी काय करायचं?

कालचा पोस्टवाला:
बरं बाबा, पावसाळा आणि गणपती तुमचे. उरलेले महिने तरी बस चालेल ना?

डीएडवाली:
चालेल की. ड्रायव्हर तेवढा पवित्र पोर्टलवरून घ्या, म्हणजे दिवाळीनंतर त्याचीही बदली.