एडिटिंगच्या पीसीसाठी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) हवी: ७,४५० वाली, ५,००० वाली की अजून काही?

सांगलीचा_कॅमेरावाला
मंडळी, सल्ला हवाय. लग्नाचं शूटिंग करतो, एडिटिंगही घरीच. मशीन: रायझन ५ ५६००जी, बी५५० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची साटा एसएसडी आणि ४ टीबीची हार्डडिस्क. तीन कॅमेरे, सगळं ४के. एका लग्नाचे दोनशे-अडीचशे जीबी होतात. प्ले दाबलं की हळदीतली नवरी जागेवर गोठते आणि सनई पुढं निघून जाते.

दुकानदार म्हणतो सॅमसंग ९९० प्रो घ्या, सेकंदाला ७,४५० मेगाबाइटचा स्पीड. मित्र म्हणतो डब्ल्यूडीची एसएन८५०एक्स, ७,३००. एक ५,००० स्पीडवाली बरीच स्वस्त मिळतेय. त्यात १४,००० वाल्या जेन ५ (जोडणीची पाचवी पिढी) चे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय. १ टीबी पाहिजे. काय घेऊ?

जुना_खोकेवाला
भाऊ, पाकीट जरा खिशातच राहू द्या.

तुमच्या बी५५० वर वरचा एम.२ स्लॉट (ड्राइव्ह बसवायची खाच) जेन ४ लिहिलेला असेल, पण त्या स्लॉटच्या लेन, म्हणजे डेटाचे रस्ते, थेट प्रोसेसरमधून येतात, आणि ५६००जी हा जेन ३ चाच प्रोसेसर आहे. ५६०० किंवा ५६००एक्स असता तर जेन ४ मिळालं असतं. 'जी'वाल्यात मिळत नाही. म्हणजे ९९० प्रो लावा नाहीतर एसएन८५०एक्स, दोन्ही साडेतीन हजाराच्या आसपासच अडकणार. खालचा स्लॉट चिपसेटवरून (बोर्डावरच्या मदतनीस चिपवरून) येतो, तोही जेन ३. जेन ५ चं तर नावच काढू नका.

आता एक सांगा, फुटेज कुठं ठेवून एडिट करता? आणि कॅमेऱ्याचा फॉरमॅट कोणता?

सांगलीचा_कॅमेरावाला
अरे देवा, हे दुकानदार बोललाच नाही. फुटेज हार्डडिस्कवर, एसएसडी विंडोज आणि सॉफ्टवेअरनंच भरलीय. फॉरमॅट एच.२६५, १० बिट, ४:२:२.

मीनल_पुणे
मग निम्मं उत्तर इथंच मिळालं. हिशोब करून बघा. एका कॅमेऱ्याचे २०० मेगाबिट धरले तर सेकंदाला २५ मेगाबाइट, तिघांचे ७५. साटा एसएसडी साडेपाचशे देते. म्हणजे वाचायला ती भरपूर झाली, एनव्हीएमई तर लांबच. हार्डडिस्कही एक फाइल सलग वाचताना सव्वाशे-दीडशे सहज देते, पण तीन फाइल एकदम मागितल्या की हेड इकडून तिकडे नाचतं आणि वेग कोसळतो. तुमची सनई त्यातच पुढे जाते.

उरलेलं निम्मं म्हणजे ४:२:२, रंगाची जास्त माहिती ठेवणारा प्रकार. ५६००जी मधला ग्राफिक्स भाग १० बिट ४:२:२ एच.२६५ हार्डवेअरवर उलगडत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. कुठलीही ड्राइव्ह घेतली तरी हे बदलणार नाही. रात्री झोपताना प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या नकला) बनवायला लावा आणि त्यावर एडिट करा.

जुना_खोकेवाला
ताईंनी नेमकं धरलं. तरी ड्राइव्ह लागणारच आहे, तेव्हा निवडीचं बोलतो.

खोक्यावरचा आकडा म्हणजे क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजायच्या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात वरची ओळ. मोठी फाइल, सलग, एकदम आठ मागण्यांची रांग. सॉफ्टवेअर उघडताना जे काम चालतं ते सगळ्यात खालच्या ओळीसारखं असतं: ४के रँडम (इथं ४के म्हणजे ४ किलोबाइटचे विखुरलेले तुकडे, व्हिडिओचं ४के नव्हे), एका वेळी एकच मागणी. तिथं चांगल्यातली चांगली एनव्हीएमईसुद्धा वाचताना शंभर मेगाबाइटच्या आसपासच. साडेसात हजारवाली आणि साडेतीन हजारवाली तिथं जवळपास शेजारी शेजारी बसतात.

तुमच्या कामात खरा फरक लिहिताना पडतो. ती स्वस्त ५,००० वाली बहुतेक क्यूएलसी असणार, विचारून घ्या. क्यूएलसीच्या एका सेलमध्ये चार बिट मावतात. ड्राइव्ह आधी रिकाम्या सेलमध्ये एकेकच बिट भरभर टाकते, त्यालाच एसएलसी कॅश म्हणतात. म्हणजे रिकामी १ टीबी ड्राइव्ह फार तर अडीचशे जीबी झपाट्यानं घेईल. तीच सातशे जीबी भरलेली असली की उरलेल्या तीनशेचा चौथा भाग, पंच्याहत्तर जीबी. त्यानंतर वेग हार्डडिस्कच्या पातळीला येतो, कधी त्याच्याही खाली.

मी स्वतः भोगलंय. एका नावाजलेल्या कंपनीची घेतली होती. कॉपीच्या खिडकीतला हिरवा आलेख पहिली मिनिटं डोंगरासारखा, मग कड्यावरून पडावा तसा खाली, आणि ऐंशी मेगाबाइटवर सपाट. दीडशे जीबी शिल्लक होते. चहा झाला, जेवण झालं, तरी तेच.

टीएलसीतही (एका सेलमध्ये तीन बिट) कॅश संपते, पण पडझड इतकी वाईट नसते. माझं मत: डब्ल्यूडी एसएन७७०, १ टीबी. टीएलसी आहे. स्वतःची डीरॅम नाही, पीसीच्या रॅममधला थोडा तुकडा उसना घेते, पण तुमच्या कामाला चालतं. खोक्यावर ५,१५० आहे, तुमच्याकडे साडेतीन हजार देईल. वाचलेल्या पैशात १६ जीबी रॅम वाढवा.

सांगलीचा_कॅमेरावाला
टीबीडब्ल्यूचं, म्हणजे एकूण किती टीबी लिहिता येईल त्या हमीचं काय? स्वस्तवाली लवकर मरते म्हणतात.

मीनल_पुणे
एसएन७७० ला १ टीबीमागे ६०० टीबी लिहायची हमी आहे, ९९० प्रो ला तेवढीच. क्रूशलची पी३ प्लस ही क्यूएलसी, तिला २२०. तुम्ही महिन्याला चार लग्नं म्हणजे १ टीबी लिहिलं, प्रॉक्सी आणि रेंडर धरून दोन म्हणू, तरी २२० संपायला नऊ वर्षं. त्याची काळजी सोडा, बॅकअपची करा. नवऱ्यामुलाच्या आईला टीबीडब्ल्यू समजावून सांगता येत नाही 😄

नागपूरचा_पक्या
एक गोष्ट राहिली भाऊ. आमच्याइकडे मे महिन्यात खोलीतच बेचाळीस होऊन राहिलं असते. ड्राइव्ह तापली की स्वतःच वेग कमी करते. बोर्डासोबत पत्र्याचं हीटसिंक आलं असेल तर लावा, अन् थर्मल पॅडवरचं प्लास्टिक काढायचं विसरू नका. मी विसरलो होतो, आठ महिने 🙈

अन् ऑनलाइन दीड हजारात २ टीबी दिसली तर हात लावू नका. आत बारकी चिप असते, फक्त आकडा मोठा दाखवते. कुठलीही ड्राइव्ह आली की एच२टेस्टडब्ल्यू हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून पूर्ण भरून बघा.

सांगलीचा_कॅमेरावाला
एसएन७७० आणि रॅम, दोन्ही मागवलं. काल लावली. हार्डडिस्कवरून अडीचशे जीबीचं लग्न टाकलं तर दीडशेच्या वर गेलंच नाही, घाबरलो. मग कळलं, हार्डडिस्कच तेवढं देते 😅 प्रॉक्सीवर तीन कॅमेरे सुरळीत चालतायत.

फक्त एम.२ चा बारका स्क्रू बोर्डाच्या खोक्यात सापडेना. सध्या सेलोटेप लावलाय.

जुना_खोकेवाला
सेलोटेप आजच काढा, गरम झाला की सुटतो. लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे जा, एम२ मापाचा, तीन मिलिमीटर लांबीचा स्क्रू मागा. बहुतेक पैसेही घेणार नाही.