नवीन क्लच दीड महिन्यात घसरायला लागला, ट्रॅक्टर परत खोलायचा का?

माणदेशी

राम राम मंडळी. आमचा मॅसी फर्ग्युसन १०३५, १९९७ चा, दुहेरी क्लचचा, म्हणजे चालीची प्लेट वेगळी आणि पीटीओची (मागची अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टची) वेगळी. दिवाळीनंतर ट्रॅक्टर मधून खोलून दोन्ही प्लेटा आणि रिलीज बेअरिंग नवीन टाकलं. त्याआधीच्या प्लेटा सहा वर्षं चालल्या होत्या. नवीनला दीडच महिना झाला. आता कांद्याची ट्रॉली घेऊन चढाला लागलो की हाय तिसऱ्यात इंजिन नुसतं वर पळतं, ट्रॅक्टर जागेवरच रेंगाळतो आणि जळका वास सुटतो. कडबाकुट्टी आणि रोटाव्हेटर मात्र जोरात चालतात, तिथं काही तक्रार नाही.

मिस्त्री म्हणतो प्लेट डुप्लिकेट निघाली, परत खोलू. परत मजुरी, परत दोन दिवस ट्रॅक्टर उभा, आणि कांदा तर काढून ठेवलाय. भावकीतले म्हणतात विकून टाक. तो विकायचा नाही. वडिलांनी घेतलेला आहे, ते गेले तरी त्यांच्या हाताची सवय अजून त्या स्टिअरिंगला आहे. खोलण्याआधी काय बघू?

जुना मिस्त्री

दादा, पाना हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघ.

पहिली, क्लचच्या पेडलाला खेळ किती आहे? इंजिन बंद ठेव आणि पायाने नाही, हाताने दाब. सुरुवातीला पेडल अलगद खाली जातं आणि मग एका जागी जड लागतं. तिथपर्यंतचं अंतर पट्टीने मोज. साधारण इंचभर तरी हवं, नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो. प्लेट झिजते तशी तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकाकडे, सरकते आणि तिची बोटं (क्लच सोडवणाऱ्या पट्ट्या) मागे रिलीज बेअरिंगकडे येतात. म्हणून खेळ दिवसेंदिवस कमी होतो, वाढत नाही. नवीन प्लेट तर सुरुवातीच्या कामातच बसते, त्यामुळे आठ-पंधरा दिवसांत खेळ पुन्हा बघावाच लागतो. खेळ संपला की बेअरिंग बोटांवर टेकून राहतं, म्हणजे कोणीतरी कायम पेडलावर पाय ठेवून बसल्यासारखं. मग प्लेट घसरणारच, कंपनीची असो नाहीतर डुप्लिकेट.

दुसरी, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या हाऊसिंगला खालून एक भोक असतं, त्यात खिळपिन असते. ती हलवून बघ. काळं पातळ तेल आलं तर इंजिनचं मागचं सील गेलंय. जाड, फिकं तेल आलं तर गिअरबॉक्सकडचं.

कुट्टी नीट चालते हे तू सांगितलंस ते फार कामाचं आहे. या क्लचमध्ये फ्लायव्हीलला लागून असते ती चालीची प्लेट, पीटीओची तिच्या मागे. म्हणजे पुढच्याच प्लेटीला काहीतरी लागलंय.

माणदेशी

काका, खेळ शून्य. हात ठेवला की लगेच जड. आणि पिन हलवली तर काळं तेल, वाटीभर नाही पण फडकं भिजलं.

लॉकनट ढिलं करून पेडलाच्या दांड्याचा यॉक फिरवला, आता इंचभर खेळ आलाय. रिकाम्या ट्रॅक्टरला फरक पडला. ट्रॉलीला नाही.

जुना मिस्त्री

मग खोलावाच लागेल. एकदा तेल पिलेली प्लेट पेट्रोलने धुऊन काही होत नाही. वरून कोरडी दिसते, गरम झाली की आतलं तेल परत बाहेर. ती बदल. पण नुसती प्लेट बदलून जोडलास तर पुढच्या महिन्यात इथेच येशील. खोलायचे कष्ट तेवढेच असतात, म्हणून आत शिरलास की सगळं उरकून घे.

पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोक. अ‍ॅक्सल मधल्या पिनेवर डुलतो, पाचर नसेल तर खोलताना इंजिन एका अंगाला कलंडतं. याला मी कधी सूट दिली नाही आणि देणारही नाही, खाली माणूस असतो. मागची चाकं अडव, बॅटरीची वायर काढ, मग डिझेलची नळी, दोन्ही ड्रॅग लिंक, रेडियस रॉड. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हीखाली स्वतंत्र आधार हवा, एकट्या जॅकवर भरवसा नको.

क्लच उतरवताना कव्हर आणि फ्लायव्हीलवर पंचने खूण कर, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले कर. हा दुहेरी सेट स्प्रिंगच्या दाबाखाली असतो, टेबलावर ठेवून उगाच सोडू नकोस, तोंडावर येतो. आतली काळी भुकटी हवा मारून उडवायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पूस.

आता मुख्य काम. फ्लायव्हील उतरव आणि मागचं सील बघ. या जुन्या पर्किन्स घडणीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात ते दोरीचं असतं, दोन अर्ध्या घरांत दाबून बसवायचं. घाईत बसवलं की टपकतं. आणि इंजिनचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी नळी, साफ कर, हे बहुतेक जण विसरतात! ब्रीदर तुंबला की आतला दाब तेलाला सीलमधून ढकलतो, मग सील कितीही नवीन टाक.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा भेगा असतील तर लेथवर तोंड मारून घे. फ्लायव्हीलच्या मध्यातलं पायलट बेअरिंग बोटाने फिरवून बघ, खरखरलं तर बदल. बसवताना प्लेट मध्यावर आणायला जुना शाफ्ट घाल. बोटांची उंची सारखी हवी, आणि पीटीओचे तीन ॲडजस्टिंग बोल्ट फिलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) एकसारखे, अंतर पुस्तकातलं. जोडताना दोन बोल्टांच्या जागी लांब स्टड लाव, त्यांच्यावरून गिअरबॉक्स सरकत येतो. शेवटचं बोटभर अंतर बोल्टने ओढून मिटवायचं नाही. शाफ्टचे दाते जुळले नसतील तर प्लेटीचा मधला भाग वाकतो. पीटीओचा शाफ्ट हाताने फिरव, दाते आपसूक जुळतात.

वऱ्हाडी

यात एक जोडतो. आमच्याकडे पावसाळ्यात ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभा राहते, आणि मग उलटी तक्रार: पेडल पूर्ण दाबलं तरी गियर करकर वाजते, पडत नाही. प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते. म्हणून उभा ठेवताना आम्ही पेडल दाबून लाकडाचा तुकडा अडकवून ठेवतो. घसरणं आणि न सुटणं हे दोन वेगळे आजार आहेत, मिस्त्रीला सांगताना नीट सांगा.

माणदेशी

मंडळी, काल जोडला. काका, तुमचं म्हणणं अगदी तंतोतंत निघालं. पुढची प्लेट तेलाने चिंब, मागची पीटीओची कोरडी, तीच परत वापरली. सील बदललं. ब्रीदरची नळी काढली तर त्यात चिखलासारखा काळा गाळ, तारेने खरवडून डिझेलने धुतली. आमचा मिस्त्री आधी नाराज होता, पण त्या नळीतला गाळ त्यालाही दाखवला तेव्हा तो स्वतःच म्हणाला की मागच्या वेळी हे बघायला हवं होतं. मजुरी निम्मीच घेतली.

पेडलाला पट्टी लावून खेळ मोजला, पत्र्याच्या आतल्या बाजूला खडूने तारीख लिहिली. पन्नास तासांनी परत मोजणार. आणि एक कबूल करतो, चालवताना माझा डावा पाय पेडलावरच विसावलेला असायचा. वडील त्यावरून ओरडायचे. काल तीस पिशव्या कांदा घेऊन तोच चढ तिसऱ्यात चढलो, वास नाही, काही नाही. उद्या दुसरी खेप.