ग्लुटामिक आम्लाचा पीआय ५.३७ का नाही? आणि कॅसीन जास्त आम्लात परत का विरघळलं?

एसवाय_पुणे३०

एस.वाय. बी.एस्सी., पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल आणि व्हायवा आहे. दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

एक. ग्लुटामिक आम्लाचे पीकेए (ज्या पीएचला एखाद्या गटाचा प्रोटॉन अर्धा सुटलेला असतो तो आकडा) २.१९, ४.२५ आणि ९.६७. तिन्हींची सरासरी काढली तर ५.३७ येते, पण तक्त्यात पीआय (ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो तो बिंदू) ३.२२ दिला आहे. म्हणजे ९.६७ सोडून दिलाय. लायसीनला मात्र खालचा सोडून वरचे दोन घेतलेत. कोणता सोडायचा हे पाठच करायचं का?

दोन. कॅसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, वेगळं करायचं प्रॅक्टिकल. पिशवीचं गायीचं दूध ५० मिली, १ नॉर्मल एचसीएल. साका (खाली बसणारं घन) छान पडला, म्हणून पूर्ण पडावा यासाठी आणखी आम्ल घातलं, तर सगळं पातळ होऊन फडक्यातून निघून गेलं. वाळवून जेमतेम ०.४ ग्रॅम. दुसऱ्या खेपेला हात आखडता घेतला तर ३.६ ग्रॅम मिळालं, पण पिवळट आणि चिकट. यातलं बरोबर कुठलं? आणि मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये "आम्लामुळे कॅसीन डीनेचर झाले" (म्हणजे त्याची घडी मोडली) असं आहे, ते तसंच उतरवू ना?

भारवाहक

पाठ करू नकोस, भार मोज. रेणू अगदी आम्लधर्मी द्रावणात आहे असं धर, म्हणजे सगळ्या गटांवर प्रोटॉन बसलेले. ग्लुटामिकवर तेव्हा अमिनो गटाचा +१, दोन्ही कार्बॉक्सिल शून्य, एकूण +१. आता पीएच वाढवत न्यायचा आणि पीकेएच्या चढत्या क्रमाने एकेक प्रोटॉन काढायचा. २.१९ ओलांडला की ०, ४.२५ ओलांडला की −१, ९.६७ ओलांडला की −२. शून्य भाराचं रूप २.१९ आणि ४.२५ यांच्या मधे आहे. शून्याच्या दोन्ही बाजूंचे हे दोन पीकेए, त्यांचीच सरासरी. ३.२२.

लायसीनची सुरुवात +२ पासून होते, कारण अमिनो गट दोन. २.१८ ला +१, ८.९५ ला ०, १०.५३ ला −१. म्हणून (८.९५ + १०.५३) / २ = ९.७४. हिस्टिडीनचीही सुरुवात +२ पासूनच: १.८२, ६.००, ९.१७, शून्य ६.०० नंतर येतं, म्हणून ७.५९.

विश्वास बसत नसेल तर हेंडरसन-हॅसलबाल्खच्या सूत्राने (पीएच आणि पीकेएवरून किती प्रोटॉन सुटले ते सांगणारं) पडताळून बघ. पीएच ३.२२ वर पहिला कार्बॉक्सिल ९१.५ टक्के सुटलेला, म्हणजे −०.९१५. बाजूच्या साखळीतला ८.५ टक्के, म्हणजे −०.०८५. अमिनो +१. बेरीज शून्य. हेच तुझ्या ५.३७ वर कर: −०.९९९, −०.९३ आणि +१, म्हणजे एकूण −०.९३. जवळजवळ अख्खा एक ऋण भार शिल्लक असताना त्याला पीआय कसं म्हणणार?

व्हायवात टायरोसीन विचारतात, कारण मुलं त्याच्या ओएच गटाला पाहून गडबडतात. तो गट प्रोटॉनसकट शून्य भाराचा असतो, म्हणून सुरुवात +१ पासूनच आणि पीआय (२.२० + ९.११) / २ = ५.६६.

प्रथिनाला मात्र ही दोन आकड्यांची सरासरी लावू नकोस. साखळीत मधल्या अमिनो आम्लांचे अल्फा-अमिनो आणि अल्फा-कार्बॉक्सिल त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या पेप्टाइड बंधात अडकलेले असतात, त्यांना भार नसतो. उरतात ती दोन टोकं आणि बाजूच्या साखळ्या. प्रत्येक पीएचला त्या सगळ्यांच्या भारांची बेरीज करायची आणि ती कुठे शून्य होते ते शोधायचं. कॅसीनमध्ये ग्लुटामेट भरपूर, शिवाय सेरीनवर फॉस्फेट लागलेले. ऋण भाराचं पारडं जड, म्हणून त्याचा बिंदू ४.६ इतका खाली.

जुनी_ब्युरेट

पीआयचं वर आलंच आहे, मी साक्याचं सांगते.

तुमच्या दोन्ही खेपा चुकल्या आहेत, पण दोन्हीकडून शिकण्यासारखं आहे. दुधाचा पीएच ६.६ च्या आसपास, तिथे कॅसीनच्या कणांवर ऋण भार, ते एकमेकांना दूर ठेवतात. ४.६ ला भार शून्य, कण चिकटतात, साका बसतो. त्याच्याही खाली गेलात की तेच कॅसीन धनभारित होतं आणि पुन्हा एकमेकांना ढकलू लागतं. पीएच ३ च्या आत ते विरघळतंच. "साका पूर्ण पडावा म्हणून थोडं जास्त" ही सवय क्षारांच्या विश्लेषणातून येते. सिल्व्हर क्लोराइडला ती चालते, इथे चालत नाही.

एचसीएलच का घेतलं? तीव्र आम्ल असल्यामुळे ४.६ च्या पुढे काही मिलीतच पीएच घसरतो. १० टक्के ॲसिटिक आम्ल घ्या. त्याचा पीकेए ४.७६, म्हणजे आपल्याला हव्या त्या जागेजवळ ते स्वतःच बफर होतं. चार थेंब जास्त पडले तरी फारसं बिघडत नाही.

पद्धत अशी. ५० मिली दुधात तितकंच पाणी घाला, साका बारीक आणि धुवायला सोपा पडतो. ४० अंशाला आणा. मोठ्या बीकरमध्ये काचेच्या कांडीने सावकाश ढवळत आम्ल थेंब-थेंब सोडा. साधारण ३ ते ५ मिली लागेल, पण मिली मोजून थांबू नका, पीएचवर थांबा. वरची निवळी पिवळसर-हिरवट आणि पारदर्शक दिसू लागली की जवळ आलात. तापमानाला महत्त्व आहे: फ्रिजमधलं गार दूध ४.६ ला आणूनही नीट फुटत नाही, कारण थंडीत कॅसीनमधली जलविरोधी ओढ कमी पडते. उलट ६० अंशाच्या वर चिवट रबरासारखा गोळा होतो आणि त्याच्या पोटात चरबी अडकून बसते. पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवा, दुहेरी मलमलच्या फडक्यातून गाळा, दोनदा पाण्याने धुवा आणि पिळा.

आता ३.६ ग्रॅमचा हिशेब. १०० मिली गायीच्या दुधात कॅसीन २.५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ५० मिलीत सव्वा-दीड ग्रॅमहून जास्त निघणं शक्यच नाही. पिशवीवर ३.५ टक्के फॅट लिहिलेलं असेल तर ५० मिलीत पावणेदोन ग्रॅम चरबी. दोन्ही मिळून तीन, उरलेलं पाणी. तुम्ही वजन केलं ते कॅसीन अधिक तूप. साका गाळल्यावर २० मिली अल्कोहोलमध्ये घोळून गाळा, मग तसंच ॲसिटोनमध्ये दोनदा. आधी अल्कोहोल, कारण ओल्या साक्यात पाणी असताना चरबी नीट सुटत नाही. ईथर वापरणार असाल तर खोलीत बर्नर पेटलेला नको, आणि वाळवायला घाईने ओव्हनमध्ये टाकू नका. शेवटी पांढरी, हाताला कोरडी भुकटी यायला हवी.

दुधाची निवडही बघा. होमोजिनाइज केलेल्या पिशवीच्या दुधातून साय वेगळी होत नाही, सेंट्रिफ्यूज करूनही फारशी निघत नाही. स्किम्ड दूध मिळालं तर उत्तम, नाहीतर डबल टोन्ड, त्यात १.५ टक्केच फॅट. डेअरीवरचं सुट्टं म्हशीचं दूध नको, चरबीच्या मागे दिवस जाईल. टेट्रापॅकमधलं यूएचटी दूधही या प्रयोगाला नको: जास्त तापवल्यामुळे निवळीतलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडून कप्पा-कॅसीनला डायसल्फाइड बंधाने चिकटलेलं असतं, ते साक्याबरोबर खाली येतं आणि उतारा फसवा वाढतो. (पनीरला दूध आधी उकळतात त्याचा फायदा हाच, पण तिथे आपल्याला वजन हवंच असतं.)

एसवाय_पुणे३०

दोघांचेही आभार, तिसरी खेप आता ॲसिटिकनेच करतो. पण ४.६ हाच आकडा आहे हे प्रयोगाने कसं दाखवायचं? बाहेरचे परीक्षक "कशावरून?" विचारतात म्हणे. आणि डीनेचरचं राहिलंच.

जुनी_ब्युरेट

नऊ परीक्षानळ्यांचा प्रयोग करा. शुद्ध कॅसीन ०.२५ ग्रॅम, २० मिली कोमट पाणी आणि ५ मिली १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड यांत विरघळवा. लगेच ५ मिली १ नॉर्मल ॲसिटिक आम्ल घाला आणि ५० मिलीपर्यंत पाणी. हे झालं ०.१ नॉर्मल सोडियम ॲसिटेटमधलं कॅसीन.

प्रत्येक नळीत ॲसिटिक आम्ल आणि पाणी मिळून ९ मिली ठेवा. आम्लाचं प्रमाण दर नळीला दुप्पट: ०.०१ नॉर्मलचे ०.६२ आणि १.२५ मिली, मग ०.१ नॉर्मलचे ०.२५, ०.५, १, २, ४ आणि ८ मिली, शेवटी १ नॉर्मलचे १.६ मिली. मग प्रत्येकीत १ मिली कॅसीन द्रावण घालून लगेच हलवा. ॲसिटेट सगळीकडे सारखं आणि आम्ल दुप्पट, म्हणून पीएच दर नळीला ०.३ ने उतरतो: ५.९, ५.६, ५.३, ५.०, ४.७, ४.४, ४.१, ३.८, ३.५. लगेच, दहा मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने गढूळपणा नोंदवा. सर्वांत जास्त साका पाचव्या नळीत, त्याखालोखाल सहावीत. दोन्ही टोकांच्या नळ्या जवळपास निवळ राहतात, हेच परीक्षकांना दाखवायचं. दोन नळ्यांत ०.३ चं अंतर आहे, त्यामुळे जर्नलमध्ये "४.६२" वगैरे लिहू नका, हसतील.

चुकतं कुठे? कॅसीन पटकन विरघळावं म्हणून अल्कलीत तापवतात. तीव्र अल्कलीत उष्णता मिळाली की सेरीनवरचे फॉस्फेट गळून जातात, ऋण भार कमी होतो आणि बिंदू सरकतो. कोमट म्हणजे कोमट.

खरवस_वड्या

डीनेचरवालं वाक्य खोडा. साका पडणं आणि डीनेचर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सोपी चाचणी: धुतलेला ताजा साका पाण्यात घ्या आणि सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाने पीएच ७ ला आणा. ढवळत राहिलं की दुधाळ द्रावण होतं. भार परत आला, प्रथिन परत विरघळलं. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग पीएच ७ च्या पाण्यात दिवसभर ठेवा, ढिम्म हलणार नाही. (दुधातले मूळचे कण मात्र परत जुळत नाहीत, कारण त्यांना धरून ठेवणारं कॅल्शियम फॉस्फेट आम्लात विरघळून निवळीत गेलेलं असतं.)

शिवाय कॅसीनकडे मोडण्यासारखी घडी आहे तरी किती? बीटा-कॅसीनमध्ये २०९ अमिनो आम्लं, त्यातली ३५ प्रोलीन. अल्फा हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं बसतात आणि प्रत्येक एनएच चार घरं मागच्या सीओशी हायड्रोजन बंध करतो. प्रोलीनच्या नायट्रोजनवर साखळीत हायड्रोजनच उरत नाही, वर त्याचं कडं कण्याला वळू देत नाही. इतकी प्रोलीन असताना लांब हेलिक्स होणार कुठून? बीटा-कॅसीनमध्ये सिस्टीनही नाही, म्हणजे डायसल्फाइडची टाचणीही नाही. म्हणून तर दूध उकळलं तरी कॅसीन गोठत नाही.

खरं डीनेचर होणं बघायचं असेल तर खरवस बघा. व्यायल्यानंतरच्या पहिल्या चिकात प्रतिपिंडं आणि निवळीतली इतर प्रथिनं खच्चून असतात. ही घट्ट घडीची, डायसल्फाइडने बांधलेली. वाफ लागली की घडी उलगडते, आत लपलेले जलविरोधी भाग बाहेर येतात, एकमेकांना चिकटतात, डायसल्फाइडची अदलाबदल होते आणि जाळं तयार होतं. पाणी आणि साखर त्यात अडकते, वडी पडते. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या चिकात ही प्रथिनं झपाट्याने उतरतात, म्हणून त्यात दूध मिसळलं की खरवस लिबलिबीत होतो. आणि दुकानातल्या "खरवसा"चा संशय आला तर तुकडा गरम दुधात टाकून उकळा. चायनाग्रासवर जमवलेला असेल तर वितळेल, चिकाचा वितळणार नाही.

या सगळ्यात पेप्टाइड बंध मात्र शाबूत. त्यामुळे उकडलेल्या अंड्याला, साक्याला, खरवसाला, सगळ्यांना बाययुरेट (पेप्टाइड बंध ओळखायची चाचणी) जांभळं येतं. कॉपर सल्फेट दोन-चार थेंबच घाला, जास्त झालं तर निळ्यात जांभळा दिसतच नाही. निनहायड्रिन (अमिनो आम्लं ओळखायची चाचणी) करायला सांगितलं तर प्रोलीनचा डाग पिवळा येतो, तो डाग फेल गेला असं समजून पुन्हा करत बसू नका.

भारवाहक

एक राहिलं. पीएच पट्टी दुधात बुडवली की चरबी आणि प्रथिनाचा थर बसून रंग अर्धवट येतो. काचेच्या कांडीने निवळीचा थेंब पट्टीवर घे, तीही ३.५ ते ६ अशा अरुंद पट्ट्याची. मीटर वापरत असशील तर दर वाचनानंतर इलेक्ट्रोड धू. आकडा स्थिर व्हायला मिनिटभर लागू लागलं तर त्यावर कॅसीनची पुटं चढली आहेत. ०.१ नॉर्मल एचसीएलमध्ये पेप्सिन घालून अर्धा तास बुडवून ठेव, टिश्यूने घासू नकोस.